मागच्याचा ब्रेक कुणी काढला?

परवा रात्री अमेरिकेतून मावसभावाचा फोन आला. त्याने तिकडे जुना कॅम्पर ट्रेलर घेतलाय. म्हणजे गाडीच्या मागे जोडून न्यायची चाकांवरची खोली. आत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी सगळं. घरी आणून खाली वाकून बघतो तर चाकांकडे जाणाऱ्या ब्रेकच्या वायरी कापून त्यांना टेप गुंडाळलेली. विकणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "ब्रेक मध्येच धरायचे, झटके बसायचे, म्हणून तोडून टाकले. काही होत नाही. मी चार वर्षं असाच ओढला."

भावाचा प्रश्न साधा होता. "परत जोडून घेऊ, की उरलेलंही काढून टाकू? तू दर वर्षी उसाच्या ट्रॉल्यांवर बोंब मारत असतोस, म्हणून तुला विचारतोय."

आता मी काही मेकॅनिक नाही. पण "काही होत नाही" हे वाक्य ऐकलं आणि झोप उडाली. कारण ब्रेकचा सगळा इतिहास या एका वाक्याभोवती फिरतो. ओढणाऱ्याला ब्रेक असतोच. ज्याला ओढलं जातं त्याला स्वतःचा ब्रेक हवा का, तो पुढच्याशी जोडलेला हवा का, आणि मध्येच जोड तुटला तर मागच्याने काय करायचं, यावर दीडशे वर्षं भांडण चाललंय. आणि ब्रेक काढणारा माणूस जवळजवळ कधीच दुष्ट नसतो. त्याला उशीर झालेला असतो, नाहीतर पैसे वाचवायचे असतात.

तर मंडळी, आयर्लंडला जाऊ. तारीख १२ जून १८८९, गाव आर्मा. मेथडिस्ट चर्चच्या रविवारच्या शाळेची सहल निघाली होती, समुद्रकाठच्या वॉरनपॉइंटला. मुलं, आईबाप, शिक्षक मिळून नऊशेच्या वर माणसं. आधी तेरा डब्यांची गाडी ठरली होती. गर्दी बघून पंधरा डबे जोडले. ड्रायव्हरने कुरकुर केली की एवढं ओझं या इंजिनाला जास्त होईल. स्टेशनमास्तरने ऐकलं नाही. विनातिकीट कुणी घुसू नये म्हणून डब्यांची दारं बाहेरून कुलूपबंद.

गावाबाहेर लांब चढ होता, त्याची सर्वांत खडी बाजू ७५ ला १. माथा अगदी थोडका राहिला असताना इंजिनाने दम सोडला. मागून वीस मिनिटांच्या अंतराने दुसरी गाडी सुटणार होती. तिची वाट बघितली असती, तिने मागून धक्का दिला असता, तर आज या गावाचं नाव कुणाला आठवलं नसतं. पण गाडीवरच्या साहेबाने ठरवलं की गाडी तोडायची. पुढचे पाच डबे घेऊन इंजिन पुढच्या स्टेशनावर जाईल, ते तिथे ठेवून परत येईल, मग मागचे दहा डबे नेईल.

आता इथे नीट लक्ष द्या. गाडीला व्हॅक्यूम ब्रेक होता. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एकच नळी, सगळ्या चाकांना ब्रेक. म्हणजे त्या काळाच्या मानाने चांगली गाडी. पण हा ब्रेक साध्या जातीचा होता. इंजिनाने नळीतली हवा ओढून घेतली की ब्रेक लागायचे. नळी सोडली की ब्रेक सुटायचे. जोपर्यंत सगळं जोडलेलं आहे तोपर्यंत उत्तम. गाडी तोडण्यासाठी पाचव्या आणि सहाव्या डब्यामधली नळी काढली त्या क्षणी मागच्या दहा डब्यांना ब्रेक उरला नाही. उरला फक्त शेवटच्या गार्डच्या डब्यातला हाताने फिरवायचा ब्रेक. आणि चाकांखाली लावलेले दगड.

हो, दगड. खाली उतरून उचललेले, रुळाकडेचे.

पुढचं इंजिन निघताना थोडं मागे सरकलं. मागच्या डब्यांना जरासा धक्का बसला. दगडांचा चुरा झाला. दहा डबे उताराला लागले, आत कुलूपबंद मुलं. खालून दुसरी गाडी चढत येत होती. ८० माणसं मेली, अडीचशेवर जखमी झाली. मेलेल्यांत मुलं पुष्कळ.

यातली खरी चीड आणणारी गोष्ट वेगळी आहे. दुसऱ्या जातीचा ब्रेक तेव्हा बाजारात होता! जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये अमेरिकेत पहिला हवेचा ब्रेक काढला तो आर्माच्या ब्रेकसारखाच होता, नळी तुटली की संपलं. त्याचं त्यालाच ते खटकलं आणि १८७२ मध्ये त्याने गणित उलटं केलं. प्रत्येक डब्याला स्वतःची हवेची टाकी दिली. नळीत दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले. नळीतला दाब गेला, मग तो ड्रायव्हरने सोडला म्हणून असो की नळी तुटली म्हणून असो, प्रत्येक डबा आपल्या टाकीतली हवा वापरून स्वतःचा ब्रेक स्वतः लावणार. व्हॅक्यूमचेही असे 'आपोआप' ब्रेक निघाले होते. ब्रिटिश सरकारचं व्यापार खातं रेल्वे कंपन्यांना वर्षानुवर्षं सांगत होतं की हे बसवा. कंपन्या म्हणायच्या, खर्च फार आहे, आमचे आहेत ते ठीक चाललेत.

आपल्याला हे समजायला सोपं आहे, कारण आपण साखळी ओढणारी माणसं. डब्यातली साखळी ओढली की होतं काय? ब्रेकच्या पाइपाला वाट मिळते, दाब बिघडतो आणि ब्रेक लागतात. गावाजवळ गाडी थांबवायला काही महाभाग दोन डब्यांमधली नळीच सोडतात, तेही तेच. आपल्या रेल्वेत नळी काढली की गाडी थांबते. आर्मात नळी काढली आणि गाडी सुटली.

बोरघाटातून १८६३ पासून रेल्वे चालते, चढ ३७ ला १, म्हणजे आर्माच्या दुप्पट खडा. तिथे उतरणारी गाडी हाताबाहेर गेलीच तर तिला वळवून चढावर नेणारे जादा रूळ ठेवलेत. म्हणजे ब्रेक निकामी होतील हे आधीच धरून चाललेली व्यवस्था. लोणावळ्याहून येताना खिडकीतून कधी बघा.

असो. आर्माची घटना १२ जूनची. त्याच वर्षी ३० ऑगस्टला ब्रिटनमध्ये कायदा झाला. प्रवासी गाड्यांना सर्व डब्यांचा, आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा. मागची गाडी ठरावीक मिनिटांनी सोडायची पद्धत बंद, पुढचा टप्पा रिकामा झाल्याशिवाय मागची गाडी सोडायची नाही. कंपन्यांना वर्षानुवर्षं जमत नव्हतं ते अडीच महिन्यांत जमलं.

आणि तिकडे अमेरिकेत? तिथे मालगाड्यांवर ब्रेकमन नावाची माणसं असत. इंजिनाची शिटी झाली की डब्यांच्या टपावरून पळत जायचं आणि एकेका डब्याचं ब्रेकचं चाक हाताने फिरवायचं. पावसात, बर्फात, रात्री. डबे जोडताना दोन डब्यांच्या मध्ये उभं राहून खिळा घालायचा. हात जायचे, बोटं जायची, माणसं खाली जायची. आयोवा राज्यात लॉरेन्झो कॉफिन नावाचा शेतकरी होता. यादवी युद्धात पलटणीचा पाद्री राहिलेला माणूस. १८७४ मध्ये त्याने एका ब्रेकमनची उरलीसुरली दोन बोटं डोळ्यांदेखत जाताना बघितली. तिथून त्याने ध्यास घेतला. पत्रं लिहिली, भाषणं केली, वर्तमानपत्रवाल्यांच्या मागे लागला. पुढे राज्याचा रेल्वे कमिशनर झाला तरी तेच. अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी संसदेपुढच्या निवेदनात या कामगारांच्या जिवाचा धोका युद्धातल्या सैनिकाएवढा असल्याचं सांगितलं. कायद्यावर सही झाली मार्च १८९३ मध्ये आणि तो खऱ्या अर्थाने लागू व्हायला १९०० साल उजाडलं.

आर्माला अडीच महिने, ब्रेकमनना सव्वीस वर्षं. का? आर्मात ८० जण एका दिवशी, एका जागी मेले, आणि सहलीला निघालेली शाळेची मुलं होती. ब्रेकमन एकेकटे मेले. आज या स्टेशनावर एक, उद्या त्या यार्डात एक. एकेकटं मरणाऱ्याची बातमी दोन ओळींची होते. आपल्याकडचीही तेवढीच असते.

आता रस्त्यावर येऊ, भावाच्या ट्रेलरकडे.

मोटारी आल्या तशी मोटारीच्या मागे काहीतरी ओढायची हौस आली. ओझं वाढलं की तोच प्रश्न. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बेलॉइट गावी आर्थर वॉर्नर नावाचा खटपट्या माणूस होता. याने भावाबरोबर मोटारीचे स्पीडोमीटर बनवून नाव कमावलं. १९२७ मध्ये त्याच्या खटपटीतून विजेच्या ब्रेकची कंपनी उभी राहिली. कल्पना सुंदर आहे. ट्रेलरच्या प्रत्येक चाकाच्या ड्रममध्ये एक विद्युतचुंबक. पुढच्या गाडीत ब्रेक दाबला की वायरीतून वीज जाते, चुंबक फिरत्या ड्रमला चिकटायला बघतो, त्या ओढीने एक दांडी फिरते आणि ब्रेकचे शू ड्रमवर दाबले जातात. तेलाची नळी नको, हवेची टाकी नको. दोन वायरी पुरे. पुढे १९३० च्या दशकात मंदीतही तिकडे या फिरत्या घरांची लाट आली. आजही तिकडच्या कॅम्पर ट्रेलरांना बहुतेक याच पद्धतीचे ब्रेक असतात.

पण जरा विचार करा. वीज आली तर ब्रेक लागणार. वीज गेली तर? ब्रेक नाही. म्हणजे वेस्टिंगहाउसने १८७२ मध्ये जे उलटं केलं होतं ते इथे पुन्हा सुलटं झालं. हा आर्माचाच ब्रेक आहे, फक्त हवेच्या जागी वीज!

हे तिकडच्या लोकांच्याही लक्षात आलं. म्हणून ट्रेलरवर एक छोटी बॅटरी आणि एक स्विच बसवतात. स्विचमध्ये एक पिन. पिनेला तारेची दोरी, ती पुढच्या गाडीला बांधलेली. ट्रेलर सुटून मागे राहिला की दोरी ताणते, पिन निघते, बॅटरीची वीज चुंबकांना मिळते आणि ट्रेलर स्वतःच स्वतःला थांबवतो. तिकडच्या व्यावसायिक वाहनांच्या नियमात लिहिलंय की सुटलेल्या ट्रेलरचे ब्रेक लगेच लागले पाहिजेत आणि किमान १५ मिनिटं लागलेले राहिले पाहिजेत. घरगुती ट्रेलरला ब्रेक किती वजनापासून लागतो हे राज्याराज्यात वेगळं. पुष्कळ ठिकाणी ३,००० पौंड, म्हणजे साधारण १,३६० किलो. युरोपात ही हद्द ७५० किलोची, त्यावर ट्रेलरला स्वतःचा ब्रेक हवाच.

मग लोक काढून का टाकतात? भावाकडून आणि तिकडच्या त्याच्या मित्रांकडून ऐकलं ते असं. पुढच्या गाडीत ब्रेकचा कंट्रोलर बसवावा लागतो, त्याला पैसे पडतात. वायर आसाच्या आतून जाते, घासून तुटते, मग ब्रेक कधी लागतो कधी नाही. शू आणि ड्रम गंजून चाक धरतं. दुरुस्तीपेक्षा पक्कड स्वस्त! आणि सगळ्यात फसवा प्रकार प्लगचा. गाडीला चार पिनांचा प्लग असला तर त्यात फक्त दिव्यांच्या वायरी असतात. ट्रेलरचा प्लग सात पिनांचा. मध्ये एक जोड लावायचा, मागचे दिवे लागतात, इंडिकेटर उघडमीट करतात. माणसाला वाटतं, जोडलं सगळं. ब्रेकची वायर मात्र कुठेच पोचलेली नसते.

बरं, वजनाचंही तसंच. विकताना सांगतात ते रिकाम्या ट्रेलरचं वजन. टाकीत दीडशे लिटर पाणी भरलं की दीडशे किलो तिथेच वाढले. मग गॅस, भांडी, सायकली, कुत्रं.

वायर तोडणाऱ्याला जमतं, कारण त्याला माहीत असतं. तो हळू जातो, लांबून ब्रेक मारतो. धोका पुढच्या मालकाला. पॅरिसमध्ये २७ जून १९८८ ला हेच वेगळ्या रूपात झालं. एका प्रवासी बाईंनी आपल्या स्टेशनावर गाडी थांबत नाही म्हणून साखळी ओढली. ड्रायव्हर ती पूर्ववत करायला गेला आणि पहिल्या डब्यामागचा ब्रेकच्या नळीचा कॉक चुकून बंद झाला. मागच्या डब्यांचे ब्रेक अडकून बसले. त्याला वाटलं, नळीत काहीतरी अडकलंय. त्याने एकेका डब्याची हवा हाताने सोडून दिली. चाकं मोकळी झाली, गाडी निघाली. उशीर झाला म्हणून मधलं स्टेशन गाळायला सांगितलं गेलं. तिथे थांबायला गेला असता तर त्याला तिथेच कळलं असतं. गार द ल्यों स्टेशनात उतारावर शिरताना फक्त पुढच्या डब्याचा ब्रेक हातात होता. समोर भरलेली गाडी उभी. ५६ माणसं गेली. यात ब्रेक उत्तम जातीचा होता, आपोआप लागणारा. तो आपोआप लागला म्हणूनच माणसाने तो सोडवला. गाडी अडली होती ना.

भावाला मी एवढंच सांगितलं. परत जोड, नवीन वायर टाक, बॅटरी बदल, आणि पिन ओढून बघ.

आता आपल्या रस्त्यावर. नोव्हेंबर ते मार्च, कोणत्याही कारखान्याच्या दहा किलोमीटरच्या आत उभे राहा. दोन-सव्वादोन टनांचा ट्रॅक्टर, मागे एक ट्रॉली, तिच्या मागे दुसरी. ऊस ट्रॅक्टरच्या वजनाच्या कितीतरी पट. ट्रॅक्टरला ब्रेक आहेत, तेही बहुतेक मागच्या दोनच चाकांना. शेतात वळताना एकाच बाजूचा ब्रेक मारता यावा म्हणून डावं-उजवं पेडल वेगळं असतं. रस्त्यावर आलं की पट्टी लावून दोन्ही जोडायची असतात. किती जण जोडतात? आणि ट्रॉलीच्या चाकांना काय? मी आमच्या भागात गेली कित्येक वर्षं खाली वाकून बघतोय. बहुतेकांना काहीच नाही. कापलेली वायरसुद्धा नाही, कारण मुळात घातलीच नव्हती. गावच्या वर्कशॉपमध्ये चॅनेल, आस, चाकं, आकडा एवढ्यात ट्रॉली तयार होते.

आजोबांच्या टायरगाडीला तरी चाकावर लाकूड दाबून धरणारी दोरी होती. उताराला गाडीवान ती ओढून धरायचा. बैलावर रेटा येऊ नये एवढी अक्कल होती. बैल गेले, ट्रॅक्टर आला आणि त्या दोरीच्या जागी काहीच आलं नाही. अंगद, जुगाड यांचंही तेच.

उतारावर ट्रॅक्टरने ब्रेक मारला की मागचा ऊस थांबत नाही. तो पुढच्याला रेटतो, ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली अंगावर येते. चढावर खटका तुटला, पिन निसटली, तर मागची ट्रॉली जशी आली तशी उलटी निघते. मागे मोटरसायकलवर कोण आहे, बघत नाही. म्हणून आमच्याकडे चढाला पोरगं ट्रॉलीबरोबर चालतं. हातात दगड. गाडी थांबली की चाकाखाली लावायचा.

ड्रायव्हरला शिव्या घालून उपयोग नाही. वाहतुकीचा पैसा टनावर आणि अंतरावर मिळतो. एक टन जास्त भरला तर पैसे वाढतात. ब्रेक बसवला तर एक रुपया वाढत नाही, उलट खर्च. मुकादमाची उचल फिटायची असते, खेपा मारायच्या असतात. आणि रिकाम्या ट्रॉलीत किंवा उसावर बसून येणाजाणारी माणसं बीड, पाथर्डी, आष्टीकडची. त्यांच्यासाठी कॉफिन कोण होणार?

दर हंगामात आरटीओ आणि पोलीस कारखान्यावर येऊन रिफ्लेक्टर लावतात, फोटो निघतात. चांगलंच काम आहे, थट्टा करत नाही. रिफ्लेक्टरने मागून येणारा वाचतो. उतारावर ट्रॉलीच्या पुढे असणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर चालणारे ट्रॉलीचे ब्रेक असतात, परदेशात शेतीच्या ट्रॉल्यांना ते सर्रास लागतात. म्हणजे १८८९ सारखंच आहे, वस्तू बाजारात आहे आणि 'आहे ते ठीक चाललंय'.

जागा मात्र आपल्याकडे तयार आहे. प्रत्येक ट्रॉली काट्यावर चढतेच. दोनदा चढते, भरलेली आणि रिकामी. गाडीचा नंबर, शेतकऱ्याचं नाव, वजन सगळं कॉम्प्युटरवर पडतं. वाहतुकीचा करार कारखाना करतो, उचल कारखान्याच्या खात्यातून जाते. करारात ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक असण्याची अट घालायची, नव्या ट्रॉलीपासून सुरुवात करायची, जुनीला दोन हंगामांची मुदत आणि बसवण्यापुरती उचल द्यायची. काट्यावरच्या पावतीत एक रकाना वाढवायचा. संचालक मंडळाच्या एका बैठकीचं काम आहे. आमच्या कारखान्याला मी हे लेखी दिलंय, पोच घेतलीय, उत्तर आलं की इथेच टाकतो.

भावाचा व्हिडिओ काल आला. नवीन वायर टाकली, पिन ओढली, गाडी पुढे घ्यायला बघितली. ट्रेलरची चाकं फिरेनात, गाडी जागेवर घरघरतेय. पोरं टाळ्या वाजवताहेत.

तुमच्या भागात स्वतःचा ब्रेक असलेली उसाची ट्रॉली कुणी बघितली असेल तर तिचा फोटो टाका. चाकाजवळून काढलेला, ब्रेक दिसेल असा. कोणत्या वर्कशॉपने बसवला आणि किती पैसे घेतले तेही लिहा. वार्षिक सभेत दाखवायला लागेल.